डाव्या कानातला डूल

"डूल! डूल! डूल!"

अख्खं सभागृह बोंबलत होतं. पोरं शिट्ट्या फुंकत होती, पोरी खुर्च्यांचे हात बडवत होत्या. पडद्यावर सिनेमाची नायिका, शैला, रडत होती आणि तिचं रडणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

मी पहिल्या रांगेत मांडीवर नारळ आणि गुलाबाचं फूल घेऊन बसले होते. कॉलेजच्या पोरांनी मला घरून गाडीनं आणलं होतं. 'दहावीची पाखरं' या सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. सन्मान आहे, असं फोनवर सांगितलं होतं. आल्यावर दारातला फलक वाचला : 'चुका शोधा, हसत सुटा'. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची शिट्टी. पडद्यावर चूक दिसली की फुंकायची.

चुका होत्याच. वर्गातलं घड्याळ सव्वादहाचं एकदम साडेतीन होतं. भेळ खाताना कागद भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. दहावीतल्या हीरोच्या गालावर दुपारनंतर दाढीची निळी सावली दिसते. त्याच्या बोटात पुष्कराजाची अंगठी आहे, शाळेच्या गणवेशावर! प्रत्येक वेळी शिट्ट्या झाल्या, मीही थोडी हसले. भेळेचा कागद माझ्याकडून निसटला होता, ते मला तेव्हाच कळलं होतं.

पण सगळे वाट बघत होते ती डुलाची. व्हरांड्यातला प्रसंग. हीरो तिच्या थोबाडीत मारतो तेव्हा तिच्या दोन्ही कानांत डूल आहेत. पुढच्याच शॉटात डावा कान रिकामा.

दिवे लागले. निवेदन करणारा मुलगा माईक घेऊन नाचतच स्टेजवर आला.

"मित्रांनो, महाचूक! मराठी सिनेमातला सर्वांत प्रसिद्ध गायब डूल! आणि आज आपल्यात कोण आहेत माहितीय? या सिनेमाची कंटिन्युइटी बघणाऱ्या प्रमिला नाईकनवरे! म्हणजे एका शॉटात जे जसं होतं ते पुढच्या शॉटात तसंच आहे ना, हे बघणं ज्यांचं काम होतं, त्या! आजी, वर या. आणि एकदाचं सांगून टाका, तुमचं लक्ष होतं कुठं?"

पुन्हा हशा. स्टेजवर मोठ्या खुर्चीत सिनेमाचा हीरो बसला होता. किरणकुमार. आता सत्तरीचा, केस काळेभोर रंगवलेले, खांद्यावर नुकतीच घातलेली शाल. त्यानं स्वतःच्या माईकमध्ये फुंकर मारली.

"अरे, बिचाऱ्यांना का त्रास देताय? पमाताईंची जेवायची वेळ झाली असेल. पन्हाळ्यावर झुणका फार छान मिळायचा हो! डूल गेला झुणक्याबरोबर."

सभागृह फुटलं. तोही डोळे पुसत हसला. बोटात तीच अंगठी होती.

मी पायऱ्या चढले. हातात माईक दिला गेला. मी तो तोंडाशी न नेता रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. पोरांना वाटलं म्हातारी घाबरली. एकीनं पाणी आणून दिलं.

मी घाबरले नव्हते.

*

आम्ही पन्हाळ्यावरची एक शाळा दिवाळीच्या सुट्टीत शूटिंगला घेतली होती. मी तेव्हा छत्तिशीची. युनिट लहान, म्हणून कंटिन्युइटी आणि मुलींचे कपडे, दोन्ही माझ्याकडे. कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर, कप कुठल्या हातात, रिबिनीची गाठ कशी, हे सगळं डोळ्यांत धरून ठेवायचं. शूटिंग उलटसुलट चालतं. सकाळी शेवट, दुपारी सुरुवात. त्यात एक माणूस लागतं, ज्याला काय कशानंतर आलं ते ठाऊक असतं. ते माणूस मी होते आणि मला माझं काम फार आवडायचं.

शैला चिकोडे गडहिंग्लजची. सोळा वर्षांची, खरोखरच दहावी नुकतीच झालेली. तिच्याबरोबर तिची आई असायची. चिकोडेबाई दिवसभर लोकरीचं काहीतरी विणत खुर्चीत बसायच्या आणि दिग्दर्शक समोरून गेले की उठून उभ्या राहायच्या.

दिग्दर्शक म्हणजे रावसाहेब इंगवले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. त्यांना सगळे वाकून नमस्कार करायचे. आणि हीरो हा किरण. निर्मात्याचा मेहुणा, तिशीला टेकलेला. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "किरण, अंगठी काढून ठेव. दहावीतल्या पोराच्या बोटात पुष्कराज कुठला?"

"ज्योतिषानं सांगितलंय ताई. काढली की पडलोच मी."

"अरे, पण लोक हसतील."

"लोक माझ्या तोंडाकडं बघतील. बोटाकडं कोण बघतंय?"

तोंडाचंही एक होतंच. त्याला फक्त उजवी बाजू दाखवायची असायची. डाव्या बाजूनं नाक वाकडं दिसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे दोघं समोरासमोर उभी राहिली की शैलाची नेहमी डावी बाजू कॅमेऱ्याला यायची. डावा गाल, डावा कान.

डुलांचं सांगते. सिनेमात हीरो तिला जत्रेत ते डूल घेऊन देतो. लाल खड्याचे, तारेच्या कडीत अडकवलेले. त्यावर एक अख्खं गाणं होतं. रावसाहेब म्हणायचे, "पिक्चर या डुलांवर उभाय. प्रमिला, जिवापाड सांभाळ." जोड एकच होता. रोज संध्याकाळी मी ते कापसात गुंडाळून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची.

तो तिथला शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी शाळा भरणार होती. व्हरांड्यातला थोबाडीत मारण्याचा प्रसंग राहिला होता. हीरोचा गैरसमज होतो, तो तिला मारतो आणि ती म्हणते, "तू मारलंस. म्हणजे माझ्यावर तुझं खरं प्रेम आहे."

हे वाक्य वाचल्यावर शैलानं मला विचारलं होतं, "मावशी, असं कोण म्हणतं का हो?"

"सिनेमात म्हणतात."

"आमच्या शेजारच्या काकूंना काका मारतात. त्या तर शिव्या देतात."

दुपारी लांबून शॉट झाला. किरणनं हात गालाजवळून नेला, शैलानं मान झटकली. चांगला झाला होता. मग कॅमेरा जवळ आणला. एक टेक, दोन टेक. शैलाला रडू येईना. ग्लिसरीन घालू म्हटलं तर रावसाहेबांनी हात हलवला.

"ग्लिसरीनचं पाणी पाण्यासारखं दिसतं. मला धक्का पायजे चेहऱ्यावर."

त्यांनी किरणच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला खांबाआड नेलं. मी शैलाच्या रिबिनी नीट करत होते. मला शब्द ऐकू आले नाहीत. किरणचं हसणं ऐकू आलं आणि "चालतंय की" एवढं ऐकू आलं.

"काय म्हणाले हो?" शैलानं विचारलं.

"काही नाही. तू तुझं बघ."

कॅमेरा सुरू झाला. किरणनं हात उचलला. त्या हाताकडे बघूनच मला कळलं की हा थांबणार नाही. पण कळणं आणि ओरडणं यात जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो आवाज झाला. व्हरांड्याच्या दगडी भिंतीवरून तो परत आला. नुसती थोबाडीत नव्हती ती. अंगठीचा कंगोरा डुलाच्या कडीत अडकला होता आणि त्यानं हात झटक्यानं मागे ओढला.

शैला ओरडली. सिनेमात आजही आहे ती किंकाळी. लोक म्हणतात, काय अभिनय केलाय पोरीनं!

"कट! वा! वा रे वा!" रावसाहेब टाळ्या वाजवत उठले. "हे पायजे होतं मला!"

शैला खाली बसली होती, कानावर हात धरून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं आणि गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर पडत होतं. मी हात बाजूला केला. कानाची पाळी भोकापासून खालपर्यंत चिरली होती. दोन तुकडे लोंबत होते. डूल फरशीवर पडला होता, कडी उघडलेली.

"डॉक्टरकडे न्यायला हवं," मी म्हटलं. "गाडी काढा."

"न्या की. कोण नको म्हणतंय?" रावसाहेब म्हणाले. "एक शॉट राहिलाय तेवढा घेऊ. तिचं वाक्य. ऊन उतरायला लागलंय."

"रावसाहेब, कान फाटलाय तिचा."

"कानच फाटलाय ना? नाक तर नाही कापलं!"

दोघंचौघं हसले. किरणही हसला. तो आरशात बघून भांग पाडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"किरण, तुला कळतंय का तू काय केलंस?"

"मी काय केलं? रावसाहेबांनी सांगितलं ते केलं. चांगला शॉट झाला तर माझ्यावर कशाला डाफरता?"

चिकोडेबाई विणकाम टाकून धावत आल्या. मला वाटलं आता ही बाई पोरीला उचलेल आणि चालू पडेल. त्यांनी शैलाच्या डोक्यावर हात ठेवला, रक्त बघितलं, आणि मग रावसाहेबांकडं बघितलं.

"एकच शॉट हाय न्हवं साहेब?"

"एकच. पाच मिनिटांचं काम."

"मग करील की ती. शैले, ऊठ. साहेबांचं ऐकायचं. एवढं झालं की सुटलीस बघ."

मेकअपवाल्यानं थंड पाण्याचा कापूस आणला. रक्त थोडं थांबलं. रावसाहेबांनी फरशीवरचा डूल उचलला, पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"घाल."

"कशात घालू?"

"कानात, आणि कशात? मागच्या शॉटात डूल आहे. हे तूच मला शिकवायचं का मी तुला?"

"कानात जागा राहिलेली नाही, रावसाहेब."

"फाटलंय त्याच्या वरनं टोचून घाल. मांस आहे अजून तिथं. थोडं टोचेल. टोचू दे, डोळ्यांत पाणी येईल."

"दोऱ्यानं कानामागून बांधते. डिंकानं चिकटवते."

"कॅमेरा इथं हाय." त्यांनी शैलाच्या गालापासून वीतभर अंतरावर पंजा धरला. "दोरा दिसला तर अख्खं थिएटर हसंल. घाल म्हणतोय ना!"

चिकोडेबाई म्हणाल्या, "घाला की ओ बाई. दोन मिंटाचं दुखणं. बाळंतपणात काय व्हतंय मग?"

तेव्हा शैला बोलली. इतका वेळ ती नुसती बसली होती. आईकडे नाही, रावसाहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मावशी, मी वाक्य म्हणते. पण ते परत नका घालू. तेवढं नका घालू."

मी डूल हातात घेतला. रावसाहेबांना वाटलं घालतेय. शाळेच्या मागं तटबंदी होती, व्हरांड्यातून दहा पावलांवर. मी तिथवर गेले आणि डूल खाली दरीत फेकून दिला.

एवढा लहानसा डूल, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मग रावसाहेब जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. माझ्या आईवरून बोलले, माझ्या नवऱ्यावरून बोलले. मला परत कुठल्या स्टुडिओच्या दारात उभं करणार नाही म्हणाले. त्यांनी तो शब्द पाळला.

"केस सोडा तिचे!" ते ओरडले. "कान झाकला जाऊ दे."

"मागच्या शॉटात वेण्या दुमडून रिबिनी बांधल्या आहेत," मी म्हटलं. "केस सोडले तर सगळ्या थिएटरला दिसेल."

"मग कॅमेरा तिकडनं लावा. उजवा कान घ्या."

किरण आरशातून म्हणाला, "रावसाहेब, तिकडून माझं नाक…"

"तुझ्या नाकाच्या…" पण निर्मात्याचा मेहुणा होता. रावसाहेबांनी वाक्य गिळलं. उन्हाकडं बघितलं. "कॉलरवर डाग आहे. दुसरा ब्लाउज द्या."

"धुवायला गेलाय," मी म्हटलं.

"घ्या तसाच! लोकांना काय कळतंय!"

असा तो शॉट घेतला. शैला उभी राहिली. पांढरीफटक. कानाला कापूस लावून धरला होता, तो 'कॅमेरा'  म्हटल्यावर काढला. तिनं वाक्य म्हटलं. "तू मारलंस. म्हणजे माझ्यावर तुझं खरं प्रेम आहे." एकाच टेकमध्ये म्हटलं. रावसाहेबांनी तिला शाबासकीसुद्धा दिली.

कोल्हापूरला डॉक्टरकडे जाईपर्यंत उशीर झाला होता. पाळी नीट जुळली नाही. पुढं शैलाच्या लग्नाला मी गेले होते. डावी कुडी काळ्या दोऱ्यानं कानाला बांधली होती. चिकोडेबाई मांडवात सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुमी डूल फेकला, तवाच ह्या पोरीचा शकुन गेला." शैलानं माझा हात दाबला आणि सोडला. तिनं दुसरा सिनेमा केला नाही. गेल्या पावसाळ्यात ती वारली, बेळगावला.

सिनेमा मात्र पंचवीस आठवडे चालला.

*

"आजी? बोला ना," निवेदक मुलगा म्हणाला. "लक्ष कुठं होतं?"

"लक्ष तिथंच होतं," मी म्हटलं. "बाळ, तो भाग परत लावता येईल का? थोबाडीत मारतो त्याच्यानंतरचा. आवाज बंद करून."

"आजी, रिप्ले मागतायत!" तो ओरडला. शिट्ट्या झाल्या. दिवे मालवले गेले.

पडद्यावर शैलाचा चेहरा आला. मोठा, भिंतीएवढा. ओठ हलत होते.

"थांबवा. आता डुलाकडे बघू नका. तो नाहीये, ते सगळ्यांना चाळीस वर्षं माहिती आहे. कॉलरकडे बघा."

मागून कुणीतरी शिट्टी फुंकली. तिच्यापाठोपाठ दुसरी आली नाही.

"ते लाल काय आहे, सांगा कुणीतरी. आता वर या. कान बघा. पाळी बघा."

पुढच्या रांगांमधली पोरं वाकून पडद्याकडं बघायला लागली.

"दुसरा ब्लाउज धुवायला गेला नव्हता. माझ्या पेटीत होता. घडी घातलेला, इस्त्री केलेला. मी त्या पेटीवर बसून राहिले होते. चूक झाली नाही माझी. मी ती ठेवली. मला वाटलं, हजार लोक बघतील, त्यातला एक तरी म्हणेल, या दोन शॉटांच्या मधे या पोरीला काय झालं? एका पत्रकाराला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि 'डूल कुणी गिळला?' म्हणून विनोद छापला. मला कामं मिळाली नाहीत. ब्लाउज शिवून मी संसार केला. 'डूलवाली बाई' म्हणून लोक शिवून घ्यायला यायचे. चाळीस वर्षं तुम्ही मोजताय. घड्याळ मोजता, भेळ मोजता, डूल मोजता. एवढे डोळे! आणि विचारावंसं एकालाही वाटलं नाही?"

"पमाताई," किरण माईकमध्ये म्हणाला. आवाजात अजून हसू होतं, पण पातळ झालेलं. "जुन्या गोष्टी आहेत. त्या काळी सिनेमात असं व्हायचंच. पोरांचा कार्यक्रम आहे, कशाला…"

"किरण, तू गप बस."

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून ते तसंच आलं, सेटवरच्यासारखं. त्यानं माईक खाली ठेवला.

"मागे घ्या," मी वर मशीनवर बसलेल्या मुलाला सांगितलं. "अजून मागे. आता सावकाश पुढं. हां. थांबवा."

पडद्यावर व्हरांडा होता. शैलाच्या दोन्ही कानांत डूल होते. तिला अजून काही माहीत नव्हतं. किरणचा हात वर गेलेला, बोटातला पुष्कराज चकाकणारा.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. मघाशी सगळ्यात जोरात खुर्चीचा हात बडवणारी तीच होती. शिट्टी अजून तिच्या गळ्यात होती.

"आजी, म्हणजे ते खरंच मारलं होतं?"

"मला कशाला विचारतेस? मी नव्हतं मारलं. ते बसलेत ना स्टेजवर. त्यांना विचार."

मुलीनं मान वळवली. तिच्याबरोबर सगळ्या सभागृहानं वळवली.

पडद्यावर त्याचा हात तसाच उगारलेला होता. खुर्चीत मात्र त्यानं दोन्ही हात शालीखाली घेतले होते.